लेकीसाठी लिहिती राहिलेली आई

ज्या घरात बुद्धीची वाढ खुंटलेलं मूल असतं, त्या घरातली आई रात्री अंथरुणाला पाठ टेकली की एकच हिशेब मांडते. आज आपण आहोत, पण आपल्यामागे याचं कोण करणार? आणि त्याला लागणारा पैसा येणार कुठून?

मैत्रिणींनो, हाच हिशेब मांडणारी एक आई पुढे नोबेल पारितोषिकाची मानकरी ठरली. तिचं नाव पर्ल बक. चीनमधल्या एका शेतकऱ्याच्या संसाराची तिची ‘द गुड अर्थ’ ही कादंबरी तुमच्यापैकी काहीजणींनी वाचलीही असेल. पण त्या लिखाणामागे कोणती काळजी होती, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

पर्लचा जन्म २६ जून १८९२ रोजी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात झाला. आईवडील मिशनरी. काही महिन्यांची असतानाच ती चीनला गेली आणि चिनी दाईच्या गोष्टी ऐकत तिथेच वाढली. १९१७ मध्ये शेतीतज्ज्ञ जॉन लॉसिंग बक यांच्याशी तिचं लग्न झालं. मार्च १९२० मध्ये मुलगी झाली, कॅरोल. गोरीपान, निळ्या डोळ्यांची, बघत राहावं अशी. बाळंतपणानंतर पर्लच्या गर्भाशयात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली आणि पुन्हा आई होण्याची आशा संपली.

कॅरोल तीन वर्षांची झाली तरी बोलेना. होईल हळूहळू, काही मुलं उशिरा बोलतात, असं जो तो सांगायचा. असं सांगणारी माणसं सगळीकडे सारखीच! शेवटी पर्ल तिला घेऊन अमेरिकेला गेली. मिनेसोटामधल्या प्रसिद्ध मेयो क्लिनिकमध्ये तपासण्या झाल्या. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी थोडी आशा ठेवली. पण बाहेर पडताना एका जर्मन डॉक्टरांनी तिला गाठलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत खरं ते सांगून टाकलं. ही मुलगी कधीच बरी होणार नाही, तिला सुखात ठेवेल अशी जागा शोधा. त्या क्षणी पर्लच्या काळजाचं पाणी झालं. पुढे मात्र ती त्या डॉक्टरांचे उपकार मानत राहिली.

तरीही आईचं मन ते! घरी बसून ती कॅरोलला लिहायला-वाचायला शिकवू लागली. एक दिवस लिहिताना तिनं लेकीचा हात हातात घेतला, तर तो घामानं ओलाचिंब होता. काहीही कळत नसताना केवळ आईला बरं वाटावं म्हणून पोर धडपडत होती. पर्लनं त्या दिवसापासून शिकवणं थांबवलं. मुलीनं शिकावं यापेक्षा तिनं हसतखेळत राहावं, एवढंच तिनं ठरवलं.

१९२७ मध्ये नानजिंगमध्ये दंगल उसळली. एका गरीब चिनी बाईनं आपल्या झोपडीत लपवलं म्हणून हे कुटुंब वाचलं. घर लुटलं गेलं, लिहिलेली एक कादंबरीही गेली. आपल्याला काही झालं तर कॅरोलचं काय, हा प्रश्न आता रोजचाच झाला.

१९२९ मध्ये तिनं मन घट्ट केलं आणि न्यू जर्सीमधल्या व्हाइनलँड इथल्या संस्थेत कॅरोलला ठेवलं. मूल आधी आनंदात हवं, बाकी सगळं नंतर, असं त्या संस्थेचं धोरण होतं. पण खर्च वर्षाला सुमारे एक हजार डॉलर! मिशनच्या पगारात ते कसं भागणार? पर्लनं ओळखीतून दोन हजार डॉलर कर्ज काढलं. दोन वर्षांची सोय झाली. पुढचं सगळं आयुष्य उभंच होतं.

नानजिंगला परतल्यावर घर सुनं सुनं वाटे. माळ्यावरच्या खोलीत टाइपरायटर घेऊन ती बसली आणि जेमतेम तीन महिन्यांत ‘द गुड अर्थ’ लिहून काढली. त्यात वांग लुंग या शेतकऱ्याची एक लेक आहे. तिला नाव नाही, बोलता येत नाही, उन्हात बसून चिंधीशी खेळते. आपल्यामागे तिचे हाल होतील म्हणून तो म्हातारा विष आणून ठेवतो. पण ते जिच्या हाती देतो, ती मुलगी त्या पोरीला सांभाळायचं कबूल करते. हे वाचताना पर्लच्या घरातलं दुःख कुणाला कळलं नाही. घरात अशी लेक आहे, हे तिनं जगाला सांगितलंच नव्हतं.

१९३१ मध्ये कादंबरी आली आणि हातोहात खपली. १९३२ मध्ये पुलित्झर, १९३८ मध्ये नोबेल. साहित्याचं नोबेल मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. कॅरोलच्या खर्चाची कायमची सोय झाली, संस्थेच्या आवारात तिच्यासाठी छोटं घरही उभं राहिलं. पर्लनं सात मुलं दत्तक घेतली. १९४९ मध्ये, कुणी दत्तक घ्यायला तयार नसलेल्या मिश्र वंशाच्या मुलांसाठी तिनं ‘वेलकम हाउस’ ही संस्था काढली. अंगात भारतीय रक्त असलेलं एक बाळ हे तिचं निमित्त ठरलं.

१९५० मध्ये तिनं धीर करून कॅरोलची हकीकत छापली. मग अशाच आयांची पत्रं येऊ लागली. आपण एकट्या नाही, हे त्यांना पहिल्यांदा कळलं होतं.

कॅरोलचा आजार कोणता, ते १९६० नंतरच्या दशकात समजलं. फिनाइलकीटोन्युरिया. जन्मजात दोषामुळे अन्नातल्या प्रथिनांमधला एक घटक शरीराला पचवता येत नाही. तो साठत जातो आणि मेंदूला इजा करतो. नॉर्वेच्या डॉ. फोलिंग यांनी हा आजार १९३४ मध्ये शोधला, तेव्हा कॅरोल चौदा वर्षांची होती. आज नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तो ओळखता येतो आणि लगेच पथ्याचा आहार सुरू केला तर मूल चांगलं वाढू शकतं. आपल्याकडे ही तपासणी सगळीकडे आपोआप होत नाही. घरात बाळ येणार असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

६ मार्च १९७३ रोजी पर्ल गेली. कॅरोल त्यानंतर १९ वर्षं जगली आणि १९९२ मध्ये, ७२ व्या वर्षी, व्हाइनलँडमध्येच तिनं डोळे मिटले. आई मागे नव्हती, पण तिनं करून ठेवलेली सोय शेवटपर्यंत पुरली. रात्री अंथरुणावर मांडलेला तो हिशेब पर्लनं पुरा केला होता.