मातेचा माग आणि राष्ट्राची शाळा

अर्जेंटिनाने १९१० साली ज्या वास्तूस राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा पहिला मान दिला, ती कोणा विजयी सेनापतीची हवेली नव्हे. अँडीजच्या पायथ्याशी वसलेल्या सान हुआन शहरातील ते एक साधे, कच्च्या विटांचे घर आहे. डोमिंगो फाउस्तिनो सार्मिएंतो यांचा जन्म १८११ मध्ये याच शहरात झाला. त्यांच्या मातोश्री पाउला अल्बारासीन यांनी विवाहापूर्वीच, अंजिराच्या झाडाखाली माग चालवून मिळविलेल्या पैशांतून हे घर उभारले होते. आज तेथे सार्मिएंतोंचे स्मृतिसंग्रहालय आहे.

घरच्या गरिबीमुळे सार्मिएंतोंचे शिक्षण अपुरे राहिले. उरलेले त्यांनी स्वतःच्या हिमतीवर संपादन केले. राजकीय कारणांस्तव त्यांना चिलीत आश्रय घ्यावा लागला. तेथे १८४२ मध्ये शिक्षकांसाठी निघालेल्या विद्यालयाचे ते पहिले प्रमुख झाले. पुढे चिली सरकारने त्यांना युरोप-अमेरिकेतील शिक्षणपद्धतींच्या अभ्यासासाठी पाठविले. अमेरिकेत होरेस मान यांची भेट झाली आणि सार्वत्रिक शिक्षण हे राज्याचे कर्तव्य होय, या त्यांच्या मतास बळकटी आली.

१८६८ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा पॅराग्वेशी युद्ध चालूच होते. त्याच युद्धात १८६६ साली त्यांचा दत्तक पुत्र कामी आला होता. १८६९ च्या पहिल्या जनगणनेने बहुसंख्य जनता निरक्षर असल्याचे उघड केले. तिजोरीवर युद्धाचा भार असतानाही त्यांनी शाळांवरील खर्चास कात्री लावली नाही. १८७० मध्ये पाराना येथे शिक्षक-विद्यालय निघाले; अमेरिकेतून शिक्षिका बोलाविण्यात आल्या. त्यांच्या सहा वर्षांच्या कारकिर्दीत प्राथमिक शाळांतील मुलांची संख्या सुमारे ३० हजारांवरून १ लाखावर गेली.

या कर्तृत्वास काळी बाजूही आहे. गाउचो पशुपालक आणि मूळ रहिवासी यांना त्यांनी रानटी लेखले. त्यांच्या दडपशाहीचे समर्थन केले. सर्वांसाठी शाळा मागणाऱ्याने सर्वांना समान माणूस मानले नाही, हा दोष क्षुल्लक नव्हे.

तथापि १८८४ चा मोफत, सक्तीच्या व धर्मातीत प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांच्याच प्रयत्नांचे फलित होय. १८८८ च्या ११ सप्टेंबरला असुन्सिओन येथे त्यांचे निधन झाले. तो दिवस अर्जेंटिनात शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. शिक्षणावरील खर्चाचे फळ अंदाजपत्रकाच्या एका वर्षात दिसत नाही. म्हणूनच टंचाईच्या काळात पहिली कात्री शाळेवर चालते. पाउलाबाईंच्या मागावर विणलेल्या कापडाचे मोल मात्र एका पिढीनंतर साऱ्या राष्ट्राच्या पदरात पडले.