डॉ. अनिता अवचट आणि मुक्तांगण



मुलाला किंवा नवऱ्याला पोलिसांकरवी उचलून कुठेतरी कोंडून ठेवता येईल का, असे विचारायला आया-बहिणी आमच्याकडे येतात. व्यसनाने घर पोखरले की माणूस असेच विचारणार. त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यासाठी आज एका डॉक्टर बाईंची हकिकत सांगत आहोत.

अनिताबाई पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकल्या. पती अनिल अवचटही तिथलेच डॉक्टर, पण त्यांनी दवाखाना न थाटता लेखणी धरली. घर चालले ते अनिताबाईंच्या येरवडा मनोरुग्णालयातील नोकरीवर. (लेखकाचे नाव सर्वांना ठाऊक असते, चूल पेटती ठेवणारीचे कमी जणांना!) 1980 नंतरच्या वर्षांत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, कोवळ्या पोरांपर्यंत पोहोचली. अनिलरावांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि आपल्या प्रतिष्ठानातर्फे त्यांनी मदत देऊ केली. पण नुसत्या पैशाने केंद्र चालत नाही. रोज तिथे उभे राहणारे माणूस लागते. ती जबाबदारी अनिताबाईंनी घेतली आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झाले.

गर्द सुटताना होणाऱ्या यातनांना ती पोरे 'टर्की' म्हणत. अंग मोडते, झोप लागत नाही, जीव कासावीस होतो. अशा वेळी पोरगा पळेल म्हणून त्याला बांधून घालणे सोपे असते. अनिताबाईंनी ती वाट धरली नाही. मारणे नाही, बांधणे नाही. औषध, दिनक्रम, गटात मोकळे बोलणे आणि रुग्णाची स्वतःची तयारी, यावर त्यांचा भर. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच त्यांनी कार्यकर्ते म्हणून उभे केले. काल घरात चोऱ्या करणाऱ्याच्या हाती आज किल्ल्या द्यायला केवढी छाती लागत असेल! पुढे रुग्णांच्या पत्नींसाठीही 'सहचरी' हा गट झाला, कारण आजार एकट्याचा नसतो.

आता कोर्टाविषयी. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यातील कलम 39 प्रमाणे, थोड्या मालासह सापडून दोषी ठरलेल्या व्यसनीला न्यायालय लगेच शिक्षा न देता, बंधपत्र घेऊन उपचारासाठी सोडू शकते. मात्र त्याची संमती लागते. वर्षाच्या आत उपचाराचा अहवालही द्यावा लागतो. अमेरिकेत 1989 साली मायामीत यासाठी वेगळे न्यायालयच सुरू झाले. पण उपचार किंवा तुरुंग, एवढेच समोर असताना दिलेला होकार कितपत मोकळा? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना इच्छास्वातंत्र्यावर आम्ही रात्र रात्र वाद घातले. तिथे हा प्रश्न कागदावरचा होता. आम्हांला वाटते, धाक माणसाला दारापर्यंत आणू शकतो. आत टिकवण्याचे काम त्याच्याने होत नाही, तिथे अनिताबाईंसारखी माणसे लागतात.

आपल्या सोलापुरातही 2021 साली ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतले. हातभट्टी गाळणाऱ्या तांड्यांवर नुसत्या धाडी न घालता तिथल्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्याची खटपट केली.

अनिताबाईंना पुढे कर्करोगाने गाठले. आजारपणातही त्यांनी काम सोडले नाही. 1997 साली त्या गेल्या. अनिलराव 2022 पर्यंत होते. मुक्तांगणची धुरा पुढे त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी घेतली आणि 2009 साली व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा विभागही तिथे सुरू झाला.