डेसिबेलमधले बेल

मुलांनो, आपल्या मिल्टन कीन्सच्या शेजारून एम-वन मोटरवे जातो. रात्री सगळे निजले, की त्याची घरघर ऐकू येते. असा सतत मागे चालू असलेला आवाज डेसिबेलमध्ये मोजतात. शंभरातली नव्वद मिनिटे आवाज ज्या पातळीच्या वर राहतो, ती पातळी धरतात. डेसिबेलमधले ‘बेल’ म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. त्यांची आज आम्ही ओळख करून देतो.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी एडिंबरो येथे झाला. त्यांच्या आईला फार कमी ऐकू येई. ते तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या आवाजात बोलत. दोन्ही भाऊ क्षयाने गेल्यावर १८७० मध्ये कुटुंब कॅनडाला गेले. पुढे बोस्टनमध्ये बेल कर्णबधिर मुलांना शिकवू लागले. त्यांची विद्यार्थिनी मेबल हिलाही ऐकू येत नसे; तिच्याशीच त्यांचे लग्न झाले. १८७६ मध्ये त्यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. १८७९ मध्ये त्यांनी माणसाला किती ऐकू येते हे मोजणारे यंत्र केले. मात्र कर्णबधिर मुलांना खुणांची भाषा न शिकवता बोलायलाच शिकवावे, हा त्यांचा आग्रह अनेक कर्णबधिरांना आजही अन्याय वाटतो.

२ ऑगस्ट १९२२ रोजी ते वारले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते. डेसिबेल हे नाव त्यानंतर काही वर्षांनी पडले. दहा डेसिबेल वाढले, की ध्वनीची तीव्रता दसपट होते.

आज रात्री दिवा मालवल्यावर दोन मिनिटे गप्प राहा. जे ऐकू येईल ते मराठीत लिहून पुढच्या वर्गाला आणा.