धर्मानंद कोसंबी

धर्मानंद दामोदर कोसंबी (९ ऑक्टोबर १८७६ – ४ जून १९४७) हे बौद्ध धर्माचे व पाली भाषेचे अभ्यासक आणि मराठी लेखक होते. भारतात बौद्ध धर्माची जिवंत परंपरा जवळजवळ लुप्त झाली असताना तिचा शोध घेण्यासाठी त्यांनी नेपाळ, श्रीलंका व ब्रह्मदेश असा प्रवास केला. या प्रवासात मिळवलेले ज्ञान त्यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवले. गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्यांचे पुत्र होत.

प्रारंभिक जीवन

कोसंबी यांचा जन्म गोव्यातील साखवाळ या गावी झाला. त्यांचे औपचारिक शिक्षण फारसे झाले नाही. तरुणपणी ते घरच्या नारळाच्या बागायतीची देखरेख करीत आणि मिळतील ती मराठी पुस्तके व मासिके वाचीत. १८९१ साली त्यांचा विवाह बाळाबाई यांच्याशी झाला. १८९७ च्या सुमारास ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धाविषयी त्यांना विलक्षण ओढ वाटू लागली.

बौद्ध धर्म मुळातून समजून घेण्यासाठी आधी संस्कृत शिकण्याचे त्यांनी ठरवले. १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून ते पुण्यास गेले. तेथे त्यांची रा. गो. भांडारकर यांच्याशी भेट झाली. पुढे ग्वाल्हेरमार्गे ते काशीस पोहोचले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृत व्याकरणाचे अध्ययन केले.

नेपाळचा प्रवास

१९०२ च्या आरंभी कोसंबी नेपाळला गेले. त्या काळी नेपाळात बाहेरच्या लोकांना मुक्त प्रवेश नसे. महाशिवरात्रीच्या सुमारास पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंना मात्र जाता येई. काठमांडूच्या खोऱ्यातील नेवार समाजात वज्रयान पंथाची परंपरा आहे. तेथे विवाहित वज्राचार्य वंशपरंपरेने पौरोहित्य करतात. मंत्रविधी, देवतांच्या रथयात्रा आणि मुखवटे धारण करून केली जाणारी नृत्ये ही तेथील धर्मजीवनाची ठळक अंगे आहेत. स्वयंभूनाथ आणि बौद्धनाथ हे स्तूप नेवार व तिबेटी भाविकांची श्रद्धास्थाने आहेत.

कोसंबींना मात्र बुद्धाच्या उपदेशाचे अध्ययन करणारा भिक्षुसंघ हवा होता. तो नेपाळात न आढळल्याने त्यांची घोर निराशा झाली. ज्या देशावर त्यांनी सर्व भिस्त ठेवली होती, तेथे त्यांना मुख्यतः कर्मकांडच दिसले. सण व विधी यांच्यापेक्षा मूळ उपदेशाला महत्त्व देण्याची त्यांची वृत्ती या अनुभवाने दृढ झाली आणि ती त्यांच्या पुढील सर्व लेखनात दिसते.

श्रीलंका व ब्रह्मदेश

नेपाळहून कोसंबी बोधगयेस आले. तेथे भेटलेल्या एका भिक्षूने त्यांना श्रीलंकेस जाण्याचा सल्ला दिला. कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या साहाय्याने ते १९०२ सालीच कोलंबोस पोहोचले. तेथील विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली व पाली ग्रंथांचे अध्ययन सुरू केले. त्रिपिटकाचे पठण, विनयाचे नियम आणि पौर्णिमेची उपोसथव्रते यांनी बांधलेले विहारातील जीवन त्यांना येथे प्रत्यक्ष अनुभवता आले.

यानंतर ते ब्रह्मदेशात गेले. तेथील भिक्षूंच्या सहवासात त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला. भारतात परतल्यावर सारनाथ, कुशीनगर आदी बौद्ध स्थळांची त्यांनी भिक्षुवेशात यात्रा केली.

अध्यापन व संशोधन

१९०६ साली कोसंबींनी भिक्षुवेशाचा त्याग केला. आपण मिळवलेली विद्या स्वतःच्या लोकांना द्यावी, हा त्यामागील हेतू होता. सुमारे सात वर्षांनी ते आपल्या कुटुंबाकडे परतले. कलकत्त्यातील राष्ट्रीय महाविद्यालयात व कलकत्ता विद्यापीठात त्यांनी पाली शिकवली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपयांचे मानधन देऊ केले. महाराष्ट्रात राहावे व दरवर्षी एक पुस्तक लिहावे, अशी त्यात अट होती. कोसंबींनी कलकत्त्यातील नोकरी सोडून हे मानधन स्वीकारले.

१९१० साली प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीचे काम त्यांनी हाती घेतले. संपादनाच्या श्रेयावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले आणि काम अनेक वर्षे रखडले. ही आवृत्ती अखेर त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० साली प्रसिद्ध झाली. त्यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती मात्र १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रकाशित केली होती.

१९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. पु. वि. बापट हे त्यांचे एक प्रमुख विद्यार्थी. पुढे अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात आणि रशियातील लेनिनग्राड येथेही त्यांनी काम केले.

सामाजिक कार्य

महात्मा गांधींच्या विचारांनी प्रभावित होऊन कोसंबींनी १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेतला. १९३७ साली मुंबईतील परळ या गिरणगावच्या भागात त्यांनी बहुजनविहाराची स्थापना केली. त्यासाठी जुगलकिशोर बिर्ला यांचे अर्थसाहाय्य लाभले. बुद्धाचा उपदेश कामकरी वर्गापर्यंत नेणे हा या विहाराचा उद्देश होता.

लेखन

‘बुद्ध, धर्म आणि संघ’, ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘निवेदन’ (आत्मचरित्र, १९२४), ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ (१९३५) व ‘भगवान बुद्ध’ हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत. ‘बोधिसत्त्व’ हे नाटक व ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हा ग्रंथ मरणोत्तर प्रसिद्ध झाले. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची प्रचलित कथा नाकारून शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या कलहाशी त्याचा संबंध जोडला. हीच कारणमीमांसा पुढे बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातही आढळते.

निधन

आयुष्याच्या अखेरीस प्रकृती खालावल्यावर, इतरांवर भार होऊन जगण्यापेक्षा आमरण उपोषणाने देह ठेवण्याचा निर्णय कोसंबींनी घेतला. गांधीजींच्या आग्रहामुळे त्यांनी पहिला प्रयत्न थांबवला. पुढे सेवाग्राम आश्रमात सुमारे महिनाभराच्या उपोषणानंतर ४ जून १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ पालीच्या अध्ययनासाठी विद्यार्थ्यांना श्रीलंकेस पाठवावे, अशी सूचना गांधीजींनी केली. कोसंबींना ज्या विद्येसाठी घर सोडून देशोदेशी फिरावे लागले, ती त्यांच्या हयातीतच मुंबई व पुण्याच्या महाविद्यालयांत शिकवली जाऊ लागली होती.