राज्य देवानं नाही, भीतीनं जन्माला घातलं म्हणणारा थॉमस हॉब्ज

साल १५८८. स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून येतंय अशी आवई उठली होती. त्या धसक्यानं माम्सबरी गावच्या एका पाद्र्याची बायको दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. आपण आणि भीती जुळी भावंडं आहोत, असं हे पोरगं पुढं स्वतःच सांगायचं.

बाप चर्चच्या दारात दुसऱ्या पाद्र्याशी मारामारी करून पळाला. हातमोज्यांचा धंदा करणाऱ्या चुलत्यानं थॉमसला ऑक्सफर्डपर्यंत शिकवलं. पुढं कॅव्हेंडिश या सरदार घराण्यात शिकवणीची नोकरी लागली.

१६४० मध्ये राजा आणि पार्लमेंटची जुंपणार असं दिसताच हॉब्ज पॅरिसला सटकला. दोन वर्षांत यादवी पेटली. राजपुत्रही पळून पॅरिसला आला, त्याला हॉब्ज गणित शिकवू लागला. १६४९ ला त्या पोराच्या बापाचं, राजा पहिल्या चार्ल्सचं मुंडकं उडवलं गेलं.

१६५१ ला 'लेव्हायथन' हे पुस्तक आलं. राज्य आलं कुठून? राजेलोकांचं लाडकं उत्तर होतं, राजा देवानं नेमलाय. हॉब्ज म्हणाला, आधी कायदा नाही, कोतवाल नाही अशी अवस्था डोळ्यांसमोर आणा. कितीही बलदंड माणूस रात्री झोपतोच, आणि झोपलेल्याला दुबळाही मारू शकतो. पेरलं तर कापणी आपणच करू याचा भरवसा नाही. मग जिवाच्या भीतीनं सगळे आपसांत करार करतात आणि एका सत्तेच्या हाती हक्क सोपवतात. तेच राज्य. एमपीएससीवाल्यांना 'सामाजिक करार' म्हणून पाठ असतो तो हा. लॉक आणि रूसो नंतरचे.

ही सत्ता अमर्याद हवी, असंही त्यानं लिहिलं. म्हणजे राजाचे लोक खूश व्हायला हवे होते. ते उलट खवळले. कारण करार झाला संरक्षणासाठी, ते मिळेनासं झालं की प्रजा मोकळी! परागंदा दरबाराचं दार बंद झालं. हॉब्ज राजाला मारणाऱ्यांच्याच लंडनला परतला.

१६६० ला जुना विद्यार्थी दुसरा चार्ल्स म्हणून गादीवर आला आणि त्यानं मास्तरांना वर्षाला १०० पौंडांची पेन्शन लावली. पण प्लेग आणि लंडनची आग यांचं खापर नास्तिकांवर फुटलं. १६६६ ला पार्लमेंटच्या चौकशीत 'लेव्हायथन'चं नाव आलं. राजामुळं म्हातारा वाचला, पण राजकारणावर इंग्लंडमध्ये छापायची परवानगी त्याला पुन्हा मिळाली नाही.

१६७९ ला, ९१ व्या वर्षी हॉब्ज गेला. चार वर्षांनी ऑक्सफर्ड विद्यापीठानं त्याची पुस्तकं जाळायचा हुकूम काढला. तेव्हाही गादीवर त्याचा विद्यार्थीच होता.