माक्स वीन

रेडिओविद्येच्या विद्यार्थ्यास 'वीन ब्रिज' हे नाव परिचित असते. परंतु हे वीन कोण, ते आमच्यापैकी कोणासही ठाऊक नव्हते. यंदा प्रयोगशाळेत तो ब्रिज जुळविण्याचा योग आला, म्हणून त्यांचे चरित्र थोडक्यात देतो.

माक्स वीन ह्यांचा जन्म २५ डिसेंबर १८६६ रोजी प्रशियातील क्योनिग्सबर्ग नगरी झाला. बर्लिन येथे हेल्महोल्ट्झ व कुंट ह्या आचार्यांपाशी त्यांचे अध्ययन झाले. १९११ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे विल्हेल्म वीन हे त्यांचे नात्याने भाऊ. दोघांची गल्लत पुष्कळदा होते.

१८९१ साली त्यांनी धारित्रांचे अचूक मापन करण्याकरिता हा ब्रिज रचला. त्यातील एका भुजेत रोधक व धारित्र एकापुढे एक, तर दुसरीत समांतर असतात. ह्यांतून एकाच विशिष्ट कंपनसंख्येची लहर मागेपुढे न सरकता बाहेर पडते. मात्र तिचा तृतीयांशच उरतो. ती तिप्पट करून पुन्हा आत सोडली, तर लहर आपोआप चालू राहील. पण तिप्पट करणारे साधनच तेव्हा जन्मास आले नव्हते!

पुढे डान्त्सिग येथे त्यांनी बिनतारी संदेशाकरिता शीघ्र विझणाऱ्या ठिणगीचा शोध लावला. १९११ पासून १९३५ पर्यंत ते येना येथे अध्यापक होते. १९३६ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, हायझेनबर्ग व गायगर ह्यांच्यासह त्यांनी सैद्धान्तिक पदार्थविज्ञानावरील नात्सीपक्षीय हल्ल्यांविरुद्ध निवेदन सिद्ध केले. त्यावर ७५ शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. हिटलरच्या राज्यात हे धैर्य आम्हांस त्यांच्या ब्रिजाहून लहान वाटत नाही.

२२ फेब्रुवारी १९३८ रोजी ते निवर्तले. पुढे अमेरिकेत तरुण विल्यम हेवलेट ह्यांनी त्या ब्रिजास निर्वात नळ्या व एक लहानसा दिवा जोडला. लहर वाढू लागली की दिव्याची तार तापून तिचा रोध वाढे व वर्धन आवरले जाई. शुद्ध साईन लहर अशी हाती आली. वीन ह्यांस ती पाहावयास मिळाली नाही.

यवतमाळात आम्ही नळ्यांऐवजी ऑप-अँप घेतला. बॅटरी ९ व्होल्टची एकच; लहरीस तर शून्याच्या वरखाली दोन्हीकडे जावयाचे. तेव्हा दोन समान रोधकांनी साडेचार व्होल्टचा मध्य साधून त्यासच शून्य मानले. १० हजार ओहम व ०.०१ मायक्रोफॅरॅड घेतल्यास गणिताने सेकंदास सुमारे १५९० कंपने येतात. वर्धन तिपटीहून अधिक होताच लहरीचे माथे सपाट होत. किंचित उणे पडताच ती विझून जाई. अखेर दिव्याच्या जागी दोन डायोड उलटसुलट जोडले, तेव्हा कर्णयंत्रातून एकसुरी शीळ ऐकू आली.