लिंडले मरे : ‘चूक ओळखा’ शिकवणारे व्याकरणकार

नोकरीच्या अनेक स्पर्धा परीक्षांत इंग्रजीच्या पेपरमध्ये ‘वाक्यातील चूक ओळखा’ हा प्रश्न असतो. मुद्दाम चुकीची वाक्ये देऊन व्याकरण शिकवण्याची पद्धत जुनीच; पण ती ज्यांच्या पुस्तकांमुळे दूरवर पोचली, ते लिंडले मरे पेशाने शिक्षक नव्हते.

वकील आणि व्यापारी

मरे यांचा जन्म १७४५ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात, एका क्वेकर कुटुंबात झाला. त्यांनी न्यूयॉर्कमध्ये वकिली केली, पुढे व्यापारात चांगला पैसा मिळवला. पण स्नायू दुबळे होत गेले आणि चालणे अवघड झाले. हवापालटासाठी १७८४ मध्ये ते पत्नी हॅना यांच्यासह इंग्लंडला गेले आणि यॉर्कजवळच्या होलगेट गावी राहिले. तब्येत मात्र सुधारली नाही. अखेरची बरीच वर्षे ते घरातच बसून होते.

पुस्तक कसे घडले?

यॉर्कमध्ये क्वेकर मुलींची एक शाळा होती. तिथल्या तरुण शिक्षिकांना सोपे व्याकरण हवे होते. त्यांच्या विनंतीवरून मरे यांनी लिहिलेले ‘इंग्लिश ग्रामर’ १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी ‘इंग्लिश एक्सरसाइजेस’ आले. त्यात चुकीची वाक्ये होती. ती विद्यार्थ्याने नियम लावून दुरुस्त करायची. उत्तरांचे पुस्तक वेगळे होते, त्यामुळे शाळेत न जाणाऱ्यालाही घरी अभ्यास करता येई.

मरे यांनी शब्दांच्या नऊ जाती मानल्या. आज आपण आठ शिकतो, कारण ‘अ, अ‍ॅन, द’ ही उपपदे ते वेगळी मोजत. वाक्यरचनेचे त्यांनी बावीस नियम दिले. पहिला नियम म्हणजे क्रियापद कर्त्याच्या वचनाप्रमाणे व पुरुषाप्रमाणे चालते. ‘ही गो’ चूक आणि ‘ही गोज’ बरोबर, ते याच नियमाने.

टीका आणि यश

यातले बरेच नियम रॉबर्ट लोथ यांच्यासारख्या आधीच्या लेखकांचे होते. त्यावरून टीका झाली, तेव्हा मरे यांनी पुढच्या आवृत्तीत त्यांची नावे दिली. नियम शोधण्याचा दावा त्यांनी केला नव्हता. शिकणाऱ्याला झेपेल असा क्रम लावणे आणि भरपूर सराव देणे, हे त्यांचे काम. इंग्लंड-अमेरिकेत त्यांच्या पुस्तकांच्या लाखो प्रती खपल्या; मिळालेला पैसा त्यांनी दानधर्मात घातला. १८२६ मध्ये होलगेट येथेच त्यांचे निधन झाले.

परीक्षार्थींनी मरे यांच्याकडून एक सवय जरूर घ्यावी: नियम वाचला की त्याच नियमाची चुकलेली दहा वाक्ये स्वतः दुरुस्त करायची आणि उत्तरे त्यानंतरच पाहायची.